पूर्वेकडून एक नंबर

काकींच्या गोठ्यात तेव्हा दोन म्हशी, एक ट्रॅक्टर, पेंढ्याचा ढीग आणि आमची गाडी असे सगळे एका छपराखाली नांदत होते. म्हशी दूध द्यायच्या, ट्रॅक्टर भाड्यानं जायचा, पेंढा म्हशी खायच्या. आमची गाडी मात्र नुसती जागा खायची, आणि सुट्टीच्या दिवशी मला.

मारुंजीत आम्ही काकींचे भाडेकरू. त्यांच्या शेतात आता इमारत आहे, इमारतीत आम्ही आहोत, आणि शेतातलं उरलंसुरलं काय ते त्या गोठ्यात होतं. काकींचं माहेर मुठ्याचं, माझ्या बायकोचं बार्शीकडचं. पण दोघींचं माहेरचं आडनाव एकच निघालं, आणि त्या दिवसापासून बायको झाली लेक आणि मी झालो जावयबापू. जावई म्हटलं की मान मिळतो असा माझा समज होता. काकींनी तो लवकरच दूर केला.

गाडी माझ्या सासऱ्यांची. सासूबाई गेल्यावर बाबा हीच गाडी स्वतः चालवत बार्शीहून आमच्याकडे राहायला आले. त्या वयात एवढा प्रवास एकट्यानं करू नका म्हणून बायकोनं फोनवर दोन दिवस भांडण केलं होतं. ते आले, खाली हॉर्न वाजवला, आणि वर येऊन म्हणाले, "रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. तुमच्या हिंजवडीच्या सिग्नलला मीच बंद केली." बायको याच गाडीवर चालवायला शिकली होती. मागच्या सीटवर अजूनही बाबांचा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल अंथरलेला असायचा.

शेवटच्या काही महिन्यांत बाबांना खुर्चीसकट उचलून खाली आणावं लागायचं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं काकींचा थोरला मुलगा. बाबा डोळे मिटून घ्यायचे. एकदा एवढंच म्हणाले, "सामान झालोय."

ते गेले, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी गाडीही थांबली. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "साहेब, डिस्ट्रिब्युटर गेलाय, कॉम्प्युटर पण गेलाय. दोन्ही आता मिळत नाही. भंगारात द्या, पत्रा चांगला आहे."

बायको खिडकीतून बाबांच्या टॉवेलकडे बघत राहिली. मी बोललो. माझं ऑफिसातलं कामच मुळी "हे होऊन जाईल" असं लोकांना सांगण्याचं आहे. ते प्रत्यक्षात करणारे वेगळे असतात. इतकी वर्षं हे वाक्य बोलून बोलून जीभ इतकी सैल झाली होती, की मेकॅनिकसमोर आणि बायकोसमोर मी म्हणालो, "होऊन जाईल. मी करतो."

आता काय करायचं होतं ते सांगतो, कारण आमची मुलगी म्हणते की मी हा किस्सा सांगताना या ठिकाणी लोकांची झोप काढतो. थोडक्यात सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाला ठरलेल्या क्षणी एक ठिणगी लागते. जुन्या पद्धतीत वीज तयार करणारी कॉइल एकच. तिची वीज डिस्ट्रिब्युटर नावाची एक फिरती डबी चौघांना आळीपाळीनं वाटायची. एक वाढपी आणि चार पानं. तो वाढपी वारला होता. नव्या गाड्यांत वाढपी नसतोच. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची त्याची स्वतंत्र कॉइल बसलेली असते आणि कुणी कधी पेटायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. तर नव्या गाडीच्या चार कॉइल जुन्या इंजिनावर बसवायच्या, आणि बाजारात सुटा मिळतो तसा एक कॉम्प्युटर आणून त्याला जोडायच्या. हा कॉम्प्युटर कुठल्याही गाडीला चालतो असं त्याच्या खोक्यावर लिहिलेलं होतं. याचा अर्थ तो कुठल्याच गाडीला सरळ बसत नाही, हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.

खोकं आलं ते नवरात्रात. बायकोनं ते टीपॉयवर पाहिलं आणि विचारलं, "याचं मॅन्युअल?"

"आहे ना. बघतो."

"बघतोस की वाचतोस?"

बायको एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेलं काम मोडून दाखवणं हे तिचं काम. घरात ती मला तू म्हणते, काकींसमोर अहो, आणि चिडली की दोन्ही.

खंडेनवमीला मी हत्यारं काढून गोठ्यात बसलो होतो, तेवढ्यात काकी पूजेचं ताट घेऊन आल्या. ट्रॅक्टरला हळदकुंकू, कोयत्याला, विळ्याला, फवारणीच्या पंपाला. मग माझ्याकडे वळल्या.

"जावयबापू, त्यो पाना हातात घिऊन काय बसलाय? ठेवा खाली. आज हत्याराला हात लावायचा नसतोय."

"काकी, उद्या सुट्टी आहे, उद्या सुरू करीन म्हणून तयारी..."

"उद्या दसरा हाय, लई चांगलं. कुटनं सुरवात करणार?"

मी उघड्या इंजिनाकडे बोट दाखवलं. गाडी भिंतीकडे नाक करून उभी होती आणि या गाडीत इंजिन आडवं बसवलेलं असल्यामुळे चार प्लगची रांग बरोबर पूर्व-पश्चिम आली होती. काकींनी मान वळवून उन्हाची दिशा पाहिली.

"उगवतीकडनं करा. हितनं." असं म्हणून त्यांनी उगवतीकडच्या टोकाच्या प्लगशेजारी अंगठ्यानं कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. मेणात कालवलेलं कुंकू होतं ते. वर अक्षता, झेंडूचं एक फूल. "मावळतीकडनं सुरू केल्यालं काम तडीला जात न्हाई."

मला हे पटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी कुठून तरी सुरुवात करायला कुणीतरी सांगितलं, याचंच मला बरं वाटलं. दसऱ्याला सकाळी मी टिळ्यापासून मोजलं: एक, दोन, तीन, चार. मार्करनं वायरींवर आकडे घातले आणि कामाला लागलो.

प्रत्येक कॉइलला तीन वायरी. एक बॅटरीच्या विजेची, एक अर्थिंगची, आणि तिसरी कॉम्प्युटरच्या हुकमाची. पहिल्या दोन सोप्या होत्या. बॅटरीची वीज फ्यूज आणि रिले घालून आणली, अर्थिंग इंजिनाच्या डोक्यावरच घट्ट बोल्टानं आवळलं. जुन्या डिस्ट्रिब्युटरचं डोकं काढून टाकलं, खालचं धड ठेवलं, कारण त्यातल्या सेन्सरवरून कॉम्प्युटरला इंजिन कुठल्या फेऱ्यात आहे ते कळणार होतं. एवढं लिहायला चार ओळी लागल्या. करायला दिवाळी आली.

दिवाळीचा पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला तो अर्धा. त्या दिवशी कामही अर्धंच झालं. कॉइलची तऱ्हा अशी की कॉम्प्युटरनं हुकूम दिला की ती वीज भरून घ्यायला लागते, आणि हुकूम मागे घेतला की ठिणगी पडते. लॅपटॉपवरच्या सेटिंगमध्ये मी नेमकी याच्या उलट टिक केली होती. म्हणजे चावी फिरवून मी ऐटीत चहा प्यायला गेलो, आणि तोपर्यंत चारही कॉइल भरत बसल्या. परत आलो तर गोठ्यात शेणाच्या वासापेक्षा वेगळा वास. एक कॉइल फुगून तडकली होती आणि तिच्यातून काळा डिंक ओघळत होता.

काकी दारात येऊन नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. "काय करपलं वं?"

"काही नाही काकी. प्रयोग."

"आमच्या म्हशी हायेत तितं. त्यास्नी प्रयोगात घिऊ नका."

नवी कॉइल आणली. सेटिंग सरळ केलं. पण तेव्हापासून माझं चित्त कुठंच टिकेना. मीटिंगमध्ये कुणी "चार मुद्दे आहेत" म्हणालं की मला चार वायरी दिसायच्या. जेवताना मी उठून उभा राहायचो आणि कशाला उठलो ते विसरायचो. पहाटे जाग आली की पहिला विचार हुकमाच्या वायरीचा, आणि मग छताकडे बघत मी मनात एकेक जोड तपासून यायचो, इतका की सकाळी दात घासताना आपण रात्रपाळी करून आलोय असं वाटायचं. बायको गोठ्याकडे फिरकत नव्हती. भाजी आणायला जाताना ती मुद्दाम पलीकडच्या गल्लीनं जायची. मी ते पाहिलं होतं, आणि ते पाहिल्यामुळे आणखी घाई करायचो, आणि घाई केल्यामुळे आणखी चुकायचो.

एक मात्र मी पक्कं तपासलं होतं. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन बरोबर माथ्यावर आला की पुलीवरची, म्हणजे इंजिनाच्या टोकाला पट्टा फिरवणाऱ्या चाकावरची, खूण जुळली पाहिजे. टिळ्याजवळचा प्लग काढला, भोकात लांब पेचकस उभा केला, पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. पेचकस हळूहळू वर आला, अगदी वर येऊन थबकला. पुलीवर बघितलं तर खूण तंतोतंत. मला इतका आनंद झाला की मी काकींना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वर आलं की. मंग आता खाली कवा जानार?"

गुढीपाडव्याला गाडी सुरू करायची असं मी जाहीर केलं. थोरला आला, शेजारचे दोघे आले, काकींनी नारळ ठेवला. बायको आली नाही. मी चावी फिरवली. स्टार्टरनं इंजिन घुमवलं, घुम घुम घुम, आणि मग कार्ब्युरेटर नसलेल्या त्या गाडीच्या हवेच्या तोंडातून असा बार निघाला, की छपराचा पत्रा थरथरला. पुन्हा फिरवली. पुन्हा बार, या वेळी मागून. गल्लीतल्या प्रत्येक गुढीवरचा कावळा उडाला असावा.

ठिणगी पडत होती. पेट्रोल येत होतं. खूण जुळत होती. क्रम एक-तीन-चार-दोन, तोही पुस्तकातला. तरीही गाडी चालायची सोडून तोफ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी जिन्यात भेटल्या. "थोरल्या म्हशीनं पान्हा चोरला."

"म्हणजे?"

"म्हंजी दूध न्हाई. तुमच्या चहात बी न्हाई."

त्याच आठवड्यात थोरल्यानं बातमी सांगितली. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन, गोठ्याच्या जागी नव्या खोल्या. त्याआधी जेसीबी येणार, गोठा पाडायचा. आम्ही तिघं पार्किंगमध्ये उभे होतो. थोरला, मी, आणि ऑफिसातून आलेली बायको.

"गाडीची काय काळजी करू नका साहेब," थोरला म्हणाला, "पाचसहा जण बोलावतो. ढकलून देऊ भायेर, रस्त्याकडंला लावू. मंग तुमचं चालू द्या निवांत."

"नको," बायको म्हणाली.

"आवं ताई, दोन मिंटाचं काम..."

"ढकलायची नाही. स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली तर राहील. ढकलून काढायची असेल तर थेट भंगारवाल्याच्या टेम्पोत. त्याला मीच फोन करीन."

थोरल्यानं माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघितलं. तो शहाणा माणूस; "बरं" म्हणून निघून गेला. जिना चढताना बायको अर्ध्यावर थांबली.

"बाबांना उचलताना मी आत स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे," ती म्हणाली. "गाडीच्या वेळी मला आत जायचं नाहीये."

मी "होऊन जाईल" म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझ्या ऑफिसच्या लोकांना विचारा. मी कॉइल बदलून पाहिल्या. प्लग बदलले. प्रत्येक वायर मीटर लावून टोकापासून टोकापर्यंत मोजली. अर्थिंग सोडून, घासून, पुन्हा आवळलं. कॉम्प्युटरमध्ये ठिणगीची वेळ थोडी अलीकडे, थोडी पलीकडे करून पाहिली. दर वेळी बार. काकींनी म्हशी दिराकडे हलवल्या. भूमिपूजनासाठी, असं त्यांनी सांगितलं. थोरल्यानं ट्रॅक्टर बाहेर काढला, पेंढा उचलला. त्या मोकळ्या झालेल्या गोठ्यात आमची गाडी एकटीच उरली, जेवणावळ उठून गेल्यावर एकच पान मांडलेलं राहावं तशी.

जेसीबी आला तो शुक्रवार होता. सकाळी मी खाली गेलो तर तो फाटकाशी उभा, सोंड जमिनीला टेकवून. त्याचा ड्रायव्हर काकींच्या ओट्यावर चहा पीत होता. थोरला त्याच्याशी हिंदीत बोलत होता, "भैया, थोडा रुको, साहब का गाडी है अंदर." भैया म्हणाला, रुकने का क्या है, घंटे का भाडा है. थोरला हसला, पण हसताना त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी बॉनेट उघडून उभा राहिलो. नवं करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून जुनंच पुन्हा करायला घेतलं. आणि मागून आवाज आला.

"सरक."

बायको. ऑफिसची बॅग खांद्याला, हातात ते मॅन्युअल. त्याच्या पानांत जागोजाग बसची तिकिटं खोचलेली.

"तू कधी वाचलंस?"

"तू बघत होतास तेव्हा." तिनं बॅग मडगार्डवर ठेवली. "सांग. काय काय तपासलंस? आणि काय नुसतं धरून चाललायस?"

मी सगळं घडाघडा सांगितलं. ठिणगी, पेट्रोल, क्रम, खूण, पेचकस. ती कामातल्या पोरांचं ऐकून घेते तशी ऐकत होती. मध्ये मान हलवत नाही, त्यामुळे आपण चुकतोय की बरोबर बोलतोय हे काही कळत नाही.

"एक आणि चारचे पिस्टन एकदम वर येतात ना?"

"हो. एक-चार जोडी, दोन-तीन जोडी."

"एकदम वर येतात, पण एक जण ठिणगीसाठी, आणि दुसरा?"

"दुसरा धूर बाहेर टाकत असतो."

म्हणजे असं, की एकाच्या तोंडात घास असतो तेव्हा दुसरा चूळ भरत असतो. वरून बघणाऱ्याला दोघंही तोंड हलवताना दिसतात.

"यात एक पर्याय दिलाय," ती पान उघडून म्हणाली. "कॉम्प्युटरनं एकेकाला हुकूम न देता जोडीला द्यायचा. एक आणि चारला एकदम, दोन आणि तीनला एकदम. ज्याला हवी त्याला ठिणगी मिळेल, दुसऱ्याची फुकट जाईल. नुकसान नाही. वायरीला हात लावावा लागत नाही. हे करून बघितलंस?"

"ते जुन्या पद्धतीचं आहे गं. मी चौघांना स्वतंत्र कॉइल दिल्या त्या कशाला मग? त्याचा फायदाच..."

"करून बघितलंस का?"

"नाही."

"कर."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. एक टिक काढली, एक टिक केली. ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. बाबा गेल्यापासून ती त्या सीटवर बसली नव्हती. तिनं सीट पुढे घ्यायला हात खाली घातला, आणि मग न घेताच राहिली. टाचा जेमतेम पोचत होत्या. चावी एक घर फिरवून थांबली. पेट्रोलचा पंप गुणगुणला, गप्प झाला. बाबाही असेच थांबायचे. मग तिनं चावी पुढे फिरवली.

मी कानावर हात ठेवले होते, बाराच्या तयारीत. काकी ओट्यावरून ओरडल्या, "बंदूक आली रं..." आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत इंजिन लागलं.

लागलं म्हणजे कसं, तर कुणीतरी घसा खाकरून बोलायला सुरुवात करावी तसं. दोनदा अडखळलं, मग एका सुरात. मी कानावरचे हात काढले. तिनं हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती. बॉनेट उघडंच होतं, त्यामुळे तिला भिंतही दिसत नसणार.

पुढचं एक मिनिट मला सुखात काढता आलं असतं. पण माझा स्वभाव. गाडी सुरू का झाली, या विचारानं मी जास्तच अस्वस्थ झालो. जोडीनं दिलं तर चालतं, एकेकाला दिलं तर बार. म्हणजे जोड्या बरोबर आहेत. मग जोडीतला...

बायको उतरून आली होती. ती इंजिनाकडे वाकली, बोटानं वायरींवरचे आकडे वाचत गेली आणि टिळ्यापाशी थांबली. सात महिन्यांच्या तेलात, धुळीत तो टिळा काळपट झाला होता, पण होता.

"अहो," ती म्हणाली. काकी जवळ आल्या होत्या ना. "एक नंबर हा, हे कुणी ठरवलं?"

मी काकींकडे बघितलं.

"मॅन्युअलमध्ये नाही हं, गाडीच्या पुस्तकात आहे. पुलीच्या बाजूचा तो एक. पुली तिकडे आहे." तिनं मावळतीकडे बोट दाखवलं.

काकींनी टिळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आवं जावयबापू! म्या पूजेला सांगितलं व्हतं उगवतीकडनं. तुमी त्यालाच पयला नंबर दिला व्हय?"

तर झालं होतं ते असं. सात महिने आमचा कॉम्प्युटर अगदी अचूक मुहूर्ताला एक नंबरला ठिणगी पाठवत होता, आणि मी ती चार नंबरच्या पत्त्यावर पोचवत होतो. मंगलाष्टकं वेळेवर, अक्षता वेळेवर, फक्त शेजारच्या कार्यालयातल्या नवरदेवावर. पेचकसानं मला फसवलं असं म्हणायची सोय नव्हती. तो बिचारा वर आला होता, कारण एक वर आला की चारही येतोच.

बायकोनं ओठ दाबून धरले. मग तिला आवरलं नाही. ती बॉनेटला धरून हसत सुटली, इतकी, की थोरला आणि जेसीबीवाला भैया दोघंही काय झालं म्हणून आत डोकावले. काकींनी त्यांना सांगितलं. भैयाला मराठी अर्धवट कळत होतं, पण तो पूर्ण हसला. इंजिन चालू, माणसं हसतायत, आणि मधोमध मी, हातात पाना.

"बंद कर," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे. एक आणि चारचे कनेक्टर अदलाबदल करतो, दोन-तीनचे करतो, मग जोडीनं नको, एकेकाला..."

"हात लावू नका."

"अगं पण ती चुकीची चालतीये."

"चालतीये ना? आज शुक्रवार आहे. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांत शुक्रवारी चालू गोष्टीला हात लावत नाहीत." तिनं लॅपटॉपची वायर उपटली, लॅपटॉप माझ्या हातात दिला, आणि बॉनेट खाली आपटलं. "बाजूला व्हा. रिव्हर्स घेतीये."

"मी बसतो बाजूला."

ती क्षणभर घुटमळली. "नको," म्हणाली. या वेळी आवाज मऊ होता. "मी येते जाऊन."

गाडी मागे सरकली. मागची चाकं उंबऱ्याच्या दगडावरून चढली, उतरली, मग पुढची. भैयानं जेसीबीची सोंड उचलून वाट दिली. काकींनी घाईघाईनं पदराच्या टोकानं काच पुसल्यासारखं केलं, उगीच. मागच्या सीटवरचा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल दिसला, आणि गाडी फाटकातून वळून दिसेनाशी झाली.

"कुटं गेली?" काकींनी विचारलं.

"माहीत नाही."

"मंग यील."

मी ऑफिसला कळवलं की आज येत नाही. ओट्यावर बसलो. समोर जेसीबीनं पहिला पत्रा ओढला, मग खांब. टेम्पो जात होते, बाइक जात होत्या, आणि त्या सगळ्या आवाजांतून मी एकच आवाज शोधत होतो. टाकीत पेट्रोल किती होतं? जुनं होतं. पंख्याची वायर मी जोडली होती का? जोडली होती. नक्की? प्रत्येक ठिणगी दोनदा पडतेय, कॉइल तापतील का? कॉइल भरायचा वेळ कमी ठेवला होता, नाही तापणार. मी उठून फाटकापर्यंत जायचो, परत येऊन बसायचो. काकींनी चहा दिला. दूध होतं त्यात. "दिराकडनं आणलं," त्या म्हणाल्या, "तितं तोफ न्हाई." फोन मी केला नाही. एकदा नंबर काढला आणि फोन पालथा ठेवला.

जेवणाची वेळ टळून गेल्यावर ती आली. गल्लीच्या तोंडाशी आवाज ओळखू आला. गोठ्याच्या जागी आता मोकळी माती होती, म्हणून तिनं गाडी रस्त्याच्या कडेला, भिंतीला लागून घेतली. मी खिडकीशी गेलो. आत गरम वास, आणि डॅशबोर्डवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली भजी.

"माण-घोटवड्यावरून पौडला गेले," ती म्हणाली. "तिथं स्टँडवर थांबले नाही. वळवून आणली. एका हातगाडीवर इंजिन चालू ठेवूनच भजी घेतली, त्या बाईनं विचारलं, गाडी बंद पडते का तुमची? म्हटलं, नाही, मीच करत नाहीये." तिचे डोळे लाल होते. धुळीनं असेल. "चढाला मस्त ओढते. बाबा म्हणायचे तशी."

"बंद कर आता. तापली असेल."

तिनं चावीला हात लावला. काढला.

"परत सुरू होईल?"

मला माहीत होतं की होईल. होणार नाही असं काही कारणच नव्हतं. मी म्हणालो, "होईल," आणि ते म्हणताना माझा माझ्यावर विश्वास बसेना, कारण हे माझ्या ऑफिसातलंच वाक्य होतं.

तिनं बंद केली. एकदम सगळीकडे शांत झालं, मग जेसीबीचा आवाज आला. आम्ही आत बसूनच भजी खाल्ली, मी बाबांच्या टॉवेलवर. थोरला येऊन म्हणाला, "ताई, जरा पुढं घेता का? मातीचा डंपर वळत न्हाई."

एरवी दुसऱ्यांचं काम दहा दहा वेळा चालवून, बंद करून, पुन्हा चालवून बघणाऱ्या माझ्या बायकोनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"भाऊ," ती म्हणाली, "डंपर पलीकडून आणायला सांगा ना. आज."

थोरल्यानं डंपर पलीकडून आणला.